मोठी मूळ संख्या तपासायची कशी: सांगली, सातारा, इस्लामपूरचे पिनकोड घेऊन

आकड्यांची आवड असणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच की बाबा चार कोटी अंकांची संख्या मूळ आहे असं लोक छातीठोकपणे सांगतात ते कशाच्या जोरावर, एवढे भागाकार कोण करत बसलंय? तर कुणीच करत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली ना की पुढचं सगळं सोपं जातं, आणि ती बसावी म्हणून हा लेख लिहितोय. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात कधीच जागतिक विक्रमी संख्येपासून करू नये, सहा अंकी संख्येपासून करावी, कारण तिथं प्रत्येक पायरी स्वतःच्या हातानं करून बघता येते. आणि सहा अंकी संख्या आपल्या प्रत्येकाच्या पत्त्यातच आहे की, पिनकोड! मी सांगलीचा म्हणून आमच्या पट्ट्यातलेच घेतलेत. सांगली ४१६४१६, सातारा ४१५००१ आणि सांगलीहून साताऱ्याला निघालं की आष्ट्याच्या पुढं लागणारं इस्लामपूर, ४१५४०९. हे तीन आकडे इतके वेगवेगळे वागतात की सगळा विषय यांच्यावरच शिकून होतो.

सामान काय लागतं? वही, पेन, फोनमधला कॅल्क्युलेटर, आणि चौथ्या पायरीपासून पुढं पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. पायथन फोनवर पण चालतं, लॅपटॉप नसला तरी अडत नाही. एक्सेल मात्र या कामाला घेऊ नका, त्यात १५ अंकांपर्यंतच आकडा नीट राहतो, त्यापुढचे अंक गुपचूप शून्य होतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फोनच्या कॅल्क्युलेटरचं पण मोठ्या आकड्याला तसंच होतं, म्हणून तो सहा-सात अंकांपर्यंतच वापरायचा.

पायरी १: आधी सोपे भाग लावून घ्या

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानं पूर्ण भाग जात नाही अशी, १ पेक्षा मोठी संख्या. हे शाळेत झालंय सगळ्यांचं. शेवटचा अंक सम किंवा ५ असला की विषय संपला. अंकांची बेरीज ३ नं भागली जात असेल तरी संपला, म्हणजे वाईचा ४१२८०३ घ्या, बेरीज १८, म्हणजे ३ नं काय ९ नं पण भाग जातो. ११ साठी एकाआड एक अंक अधिक-उणे करायचे, उत्तर ० किंवा ११ च्या पटीत आलं तर भाग जातो.

आता सांगलीचा ४१६४१६ बघा. शेवटी ६ आहे म्हणजे सम, मूळ नाही हे तर लहान पोर पण सांगेल, पण त्याची गंमत वेगळी आहे. ४१६ आणि परत ४१६, असे तीन अंक दोनदा लिहिले की ती संख्या कायम १००१ पट असते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून तीन अंक जोडून दोनदा लिहिलेली कुठलीही संख्या या तिघांनी भागली जातेच जाते, करून बघा. सांगलीचा पूर्ण हिशोब असा निघतो: २ चा ५ वा घात × ७ × ११ × १३ चा वर्ग. सगळे अवयव बारीक बारीक, त्यामुळं संख्या मिनिटात उकलते.

पायरी २: वर्गमूळापर्यंतच जायचं

साताऱ्याचा ४१५००१ अवघड आहे. २, ३, ५, ७, ११, १३ कशानंच भाग जात नाही. मग कुठपर्यंत बघत जायचं? वर्गमूळापर्यंत. संख्येचे दोन अवयव असतील तर दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार संख्येच्या पुढं जाईल. ४१५००१ चं वर्गमूळ ६४४ च्या थोडंसं पुढं, म्हणजे ६४३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या, त्या आहेत ११७. एवढं चिकाटीनं केलं तर ११२ व्या भागाकाराला उत्तर सापडतं, ६१३ × ६७७. दोन्ही मूळ.

आता विचार करा, सहाच अंक आहेत आणि शंभरावर भागाकार लागले. संख्येत दोन अंक वाढले की वर्गमूळात एक अंक वाढतो, म्हणजे काम साधारण दहापट. शंभर अंकी संख्येचं वर्गमूळ पन्नास अंकी, तिथपर्यंत एकेक भागाकार करत जाणं जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरना मिळून पण जमणार नाही. ही पद्धत छोट्या संख्यांपुरतीच.

पायरी ३: फर्माची वर्गांची युक्ती, सातारा एका फटक्यात

हे मला सगळ्यात जास्त आवडतं म्हणून जरा सावकाश सांगतो. पिअर फर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस, पेशानं कायद्याचा. त्याची युक्ती अशी की विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता आली तर अवयव आपोआप पडतात, कारण अ वर्ग उणे ब वर्ग म्हणजे (अ − ब) × (अ + ब), आठवी-नववीचं सूत्र.

करायचं काय, वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्यायची. साताऱ्यासाठी ६४५. तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा करा, उरले १०२४. आणि १०२४ म्हणजे ३२ चा वर्ग! झालं. ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७. जिथं ११२ भागाकार लागत होते तिथं एक वर्ग आणि एक वजाबाकी. पहिल्यांदा वर्ग मिळाला नसता तर ६४६, ६४७ असं पुढं जात राहायचं.

पण प्रत्येक वेळी इतकं लवकर जमत नाही, जमतं ते दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच. ६१३ आणि ६७७ जवळजवळ आहेत म्हणून साताऱ्याचं कुलूप लगेच उघडलं. आरएसए नावाची कुलूपबंदीची पद्धत इंटरनेटवर वापरतात, तिची किल्ली म्हणजे अशाच दोन मूळ संख्यांचा गुणाकार, फक्त प्रत्येकी तीनशेच्या वर अंकांच्या. त्या दोन मूळ संख्या चुकून जवळजवळच्या निवडल्या तर ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची युक्ती ती किल्ली फोडू शकते, म्हणून किल्ली बनवताना त्या पुरेशा लांब आहेत ना हे बघावं लागतं. कॉम्प्युटर सिक्युरिटी शिकणाऱ्या पोरांनी हे उदाहरण हातानं एकदा करावंच.

पायरी ४: अवयव न शोधता ओळखणं

आता खरी गोष्ट. मूळ आहे का, हा एक प्रश्न. अवयव कोणते, हा दुसरा प्रश्न. नवीन माणूस हे दोन्ही एकच समजतो आणि तिथंच अडकतो. पहिल्याचं उत्तर स्वस्तात मिळतं, दुसऱ्याचं फार महाग.

तपासायच्या संख्येला ‘न’ म्हणू. फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की ‘न’ ही २ सोडून कुठलीही मूळ संख्या असेल तर २ चा (‘न’ − १) वा घात करून ‘न’नं भागलं की बाकी १ उरते. ७ घ्या, २ चा ६ वा घात ६४, ७ नं भागून बाकी १. बरोबर. ९ घ्या, २ चा ८ वा घात २५६, ९ नं भागून बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही, आणि हे सांगताना आपण ३ चं नाव पण काढलं नाही.

मोठ्या संख्येला घात करायचा म्हणजे चार लाख वेळा २ नं गुणत बसायचं का? नाही. वर्ग करत जायचं आणि प्रत्येक वर्गानंतर लगेच बाकी काढायची, म्हणजे आकडा कधी फुगतच नाही. सातारा-इस्लामपूरच्या संख्यांना असे १८ वर्ग पुरतात, मधे मधे दुप्पट करायचं एवढंच. पायथनमध्ये यासाठी पॉव नावाचं फंक्शन तयारच आहे, त्याला तीन आकडे द्यायचे, पाया, घात आणि भाजक. पाया २, घात ४१५०००, भाजक ४१५००१ द्या, उत्तर येतं २६१२०. १ आलं नाही, म्हणजे साताऱ्याचा पिन मूळ नाही हे सिद्ध झालं, शंभर टक्के, आणि ६१३ किंवा ६७७ कुठं दिसले सुद्धा नाहीत. हे पहिल्यांदा बघितल्यावर विचित्र वाटतं. वाटू द्या, त्याच्यावर थोडा वेळ घालवा, पुढची सगळी इमारत यावर उभी आहे.

उलट बाजू मात्र पक्की नाही. १ आलं म्हणजे मूळच असं नाही. ३४१ घ्या, ही ११ × ३१ आहे, तरी २ चा ३४० वा घात ३४१ नं भागला की बाकी १ च येते. आणि ५६१ तर अजून बनेल, ३ × ११ × १७, पण या तिघांपैकी कशानंही भाग जात नाही असा कुठलाही पाया घेतला तरी बाकी १. अशा संख्यांना कारमायकल संख्या म्हणतात. म्हणून अजून एक पायरी लागते.

पायरी ५: मिलर-रॅबिन, इस्लामपूरवर

४१५४०९ ला सोप्या भागांपैकी कशानंच भाग जात नाही. मग मिलर-रॅबिन नावाची चाचणी लावू, फर्माच्या चाचणीचीच कडक आवृत्ती. एक कमी करा, ४१५४०८. त्यातून २ चे सगळे भाग बाहेर काढा, १६ × २५९६३. आता २ चा ४१५४०८ वा घात एकदम न काढता आधी २५९६३ वा घात काढायचा आणि मग वर्ग करत चालायचं, वाटेत काय लागतं ते बघत.

२ चा २५९६३ वा घात, बाकी १३८१५२. त्याचा वर्ग, बाकी ८५९९. त्याचा वर्ग ७३९४२८०१, आणि ४१५४०९ × १७८ = ७३९४२८०२. फक्त एक कमी पडला! म्हणजे बाकी उणे १ (४१५४०८ म्हणा, एकच). इथून पुढं वर्ग केला की १ येणारच.

हे का बघायचं? तर ‘न’ मूळ असेल तर ज्याचा वर्ग केल्यावर बाकी १ येते असे दोनच आकडे असतात, १ आणि उणे १. म्हणून मूळ संख्येत १ कडे जाणारी वाट एकतर पहिल्यापासून १ असते नाहीतर उणे १ वरूनच येते. इस्लामपूर बरोबर त्याच वाटेनं आलं. आता फसवणारी ३४१ घ्या. ३४० म्हणजे ४ × ८५. २ चा ८५ वा घात, बाकी ३२. त्याचा वर्ग १०२४, बाकी १. म्हणजे १ आला पण ३२ वरून आला, ना १ वरून ना उणे १ वरून. पकडली! शिवाय ३२ चा वर्ग उणे १ म्हणजे ३१ × ३३, आणि ३३ म्हणजे ११ × ३, त्यामुळं ३१ आणि ११ हे अवयव पण हातात पडले.

एकट्या २ या पायावर मिलर-रॅबिन पण फसू शकतं, सगळ्यात छोटं उदाहरण २०४७. पण २ आणि ३ असे दोन पाये घेतले की १३,७३,६५३ च्या आतल्या कुठल्याही संख्येचा निकाल पक्का असतो, हे तपासून ठेवलेलं आहे. भारतातले सगळे पिनकोड यात बसतात. इस्लामपूरला ३ घेऊन तुम्ही स्वतः करा, पास होतं, ती मूळ संख्याच आहे. नंतर कोरेगावचा ४१५५०१ घ्या आणि मला न विचारता निकाल लावा. त्याहून मोठ्या संख्यांना पाये वाढवायचे, पहिल्या १२ मूळ संख्या म्हणजे ३७ पर्यंतचे पाये घेतले की २ च्या ६४ व्या घाताच्या आतलं सगळं पक्कं होतं. त्याच्या पुढं यदृच्छेनं पाये घेतात आणि प्रत्येक पायागणिक फसण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश उरते. वीस-तीस पाये पास झाल्यावर व्यवहारात कुणी शंका घेत नाही, पण गणिताच्या भाषेत ती सिद्धता नव्हे हे लक्षात ठेवा. कुठलीही संख्या वाजवी वेळात शंभर टक्के ठरवता येते हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं, आपल्या देशात झालेलं काम आहे, अभिमान वाटावा असं. रोजच्या वापरात मात्र मिलर-रॅबिनच जलद पडतं.

पायरी ६: मर्सेन, म्हणजे विक्रमी संख्या नेहमी याच घराण्यातल्या का

२ चा कुठला तरी घात उणे १ अशी जी मूळ संख्या, ती मर्सेन मूळ संख्या, मर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच माणसाच्या नावावरून. ३, ७, ३१, १२७ या पहिल्या चार. कॉम्प्युटरच्या भाषेत, म्हणजे ० आणि १ मध्ये लिहिलं तर यांत नुसते १ च १ असतात. घातांक स्वतः मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही, २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ निघते. वर मिलर-रॅबिनला फसवणारी हीच.

या घराण्याच्या अवयवांना एक शिस्त असते. घातांक प असेल (२ सोडून) तर प्रत्येक मूळ अवयव २ × प च्या पटीपेक्षा १ नं जास्त असतो, आणि ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च देतो. ११ साठी २३ म्हणजे २२ + १, आणि ८९ म्हणजे ८८ + १. ऑयलरनं १७७२ मध्ये याच शिस्तीचा उपयोग करून २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात उणे १, ही मूळ असल्याचं हातानं सिद्ध केलं. वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, पण २४८ च्या पटीहून १ नं किंवा ६३ नं जास्त असणाऱ्या संख्याच बघायच्या असल्यामुळं जास्तीत जास्त ३७२ उमेदवार उरले. दहा अंकी संख्येला ३७२, आणि आपल्याला साताऱ्याच्या सहा अंकांना ११२ लागले होते!

पण खरी ताकद आली ती ल्यूका-लेमर चाचणीनं. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येनं भागून बाकी घ्या, असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर नाही, मधलं काही नाही. १२७ वर करू, घातांक ७, म्हणजे पाच वेळा: ४ वरून १४, मग ६७, मग ४२, मग १११, मग ०. मूळ! २०४७ वर नऊ वेळा केलं की शेवटी १७३६ उरतात, मूळ नाही. वहीत या दोन्ही साखळ्या स्वतः लिहून बघा, अर्धा तास पुरे.

याच्या आधीच्या रूपानं ल्यूकानं १८७६ मध्ये २ चा ६७ वा घात उणे १ ही मूळ नाही असं दाखवलं. मर्सेननं १६४४ च्या आपल्या यादीत ती मूळ म्हणून घातली होती. पण ल्यूकाकडं अवयव नव्हते, एकही नाही. ते सापडायला १९०३ उजाडलं, फ्रँक कोलनं दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. सत्तावीस वर्षं जगाला माहीत होतं की ही संख्या फुटते, पण कुठं फुटते ते कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्या पायरीत म्हटलं ना, दोन प्रश्न वेगळे आहेत, ते हे.

पायरी ७: आजची सगळ्यात मोठी, आणि तुम्हाला त्यात उतरायचं असेल तर

माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात उणे १. ल्यूक ड्युरँट यांनी ती ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधली. आधी ग्राफिक्स कार्डवर फर्माच्या पद्धतीची चाचणी पास झाली आणि मग ल्यूका-लेमरनं शिक्कामोर्तब झालं, म्हणजे आपण वर केलं तेच, फक्त प्रचंड प्रमाणात. अंक ४,१०,२४,३२०. हे स्वतः मोजता येतं, घातांकाला ०.३०१०२९९९५७ नं गुणायचं आणि पुढची पूर्ण संख्या घ्यायची. शाळेतला ०.३०१०३ घेतला तर एक अंक जास्त येतो, म्हणून पूर्ण दशांश घ्या. शेवटचे दोन अंक पण काढता येतात, २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर २० घातांनी परत येतात, घातांकाला २० नं भागून बाकी १, तर २ च्या २१ व्या घातासारखं शेवट ५२, उणे १ म्हणजे ५१. पानाला तीन हजार अंक धरले तर छापायला साडेतेरा हजारांवर पानं लागतील. पायथनमध्ये ही संख्या बनवता येते पण छापायला सांगितली तर नवीन आवृत्ती नकार देते, ४३०० अंकांची मर्यादा घालून ठेवलीय, त्यामुळं घाबरू नका, तुमचं काही बिघडलेलं नाही.

हा शोध जिम्प्स नावाच्या प्रकल्पातून लागतो, जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला. प्राइम९५ नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्यायचा, तो तुम्हाला एक घातांक नेमून देतो आणि मागं चालत राहतो. दहा कोटी अंकांची पहिली मूळ संख्या सापडली तर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे, पण त्या आशेनं उतरू नका, शक्यता फार फार कमी आहे.

आपल्याकडच्या लोकांसाठी दोन गोष्टी सांगतो. प्रोसेसर दिवसरात्र पूर्ण ताकदीनं चालतो, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हाळ्यात साधा लॅपटॉप यावर लावू नका, पंखा आणि बॅटरी दोन्हीचे हाल होतात, डेस्कटॉप असेल तर केबिनेट आतून पुसून घ्या आणि सेटिंगमध्ये कोअर कमी करा. आणि लाइट गेली तरी काम वाया जात नाही, प्रोग्रॅम ठरावीक वेळानं फाइल सेव्ह करत असतो, परत चालू केला की तिथूनच पुढं जातो. सुरुवातीला नवीन घातांक मागू नका, दुबार तपासणीचं काम मागा, ते लवकर संपतं आणि आधीच्या निकालाशी ताडून बघितलं जातं, त्यात तुमचं मशीन बरोबर हिशोब करतंय की नाही ते पण कळतं.